ओढा कोण पुसणार?

निसर्गाचं माणसापासून रक्षण करायचं, तर माणसाला अधूनमधून निसर्गात नेऊन ते समजावून सांगावं लागतं, हे आता सर्वमान्य झालं आहे. म्हणूनच डोंगरातली ती संरक्षित दरी सहकुटुंब मुक्कामासाठी खुली करण्यात आली. मुक्कामाची एकही खूण मागे न ठेवणाऱ्या कुटुंबाला व्यवस्थापनातर्फे ‘निसर्गस्नेही कुटुंब’ अशी कोरीव लाकडी पाटी मिळे. (पाटीसाठी झाड तोडावं लागतं, पण ते शेजारच्या, असंरक्षित दरीतलं असतं.)

एका लिफ्ट-तपासनिसांना ही पाटी हवीच होती. कारण सरळ होतं: ती साडूंकडे होती. बैठकीत, सोफ्याच्या बरोब्बर वर. तिच्याखाली बसून चहा घेणं तपासनिसांच्या जिवावर यायचं. त्यांच्या मुलीला, चिमीला, पाटीबिटी काही नको होती. तिला ओढ्यात पाय बुडवायचे होते. गाडीत बसल्यापासून तिचा तोच धोशा चालला होता.

तयारी चोख होती. तंबू आपोआप कुजणारा होता आणि जाहिरातीत म्हटलं होतं त्याहून तत्परतेने कुजू लागला होता. साबण निसर्गस्नेही असल्याने फेस येत नव्हता. (मळही जात नव्हता, पण मळ हाही निसर्गच.) गवतावर बसायला बंदी होती. व्यवस्थापनाच्या पाहणीनुसार दर दहा पर्यटकांमागे साडेनऊ जण गवतावर बसतात आणि उरलेला अर्धा बसण्याच्या बेतात असतो. मोठ्याने हसण्याबद्दल नियमांत काहीच नव्हतं, तेव्हा तपासनिसांनी सावधगिरी म्हणून तेही बंद ठेवलं.

चिमी मात्र ओढ्याच्या काठावर जाऊन उभी राहिली.

“बाबा, फक्त एक पाय!”

“आणि तळाची माती हलली म्हणजे?”

“मासेपण हलवतातच की.”

“माशांना पाटी नको असते.”

“अहो, जाऊ द्या ना तिला,” बायको म्हणाली. “मी पाय पुसून देईन तिचे.”

“पाय तू पुसशील. ओढा कोण पुसणार?”

बायकोने टॉवेल पुन्हा पिशवीत ठेवला. चिमीचा पडलेला चेहरा बघून तपासनीसही ‘बरं, एकच पाय’ म्हणणार होते. पण लगेच साडूंचा सोफा डोळ्यांसमोर आला आणि ते सावरले. उरलेला मुक्काम तिघांनी गाडीत, काचा वर करून, अत्यंत निसर्गस्नेही पद्धतीने काढला.

निघताना दरीच्या रखवालदाराने जागा तपासली. गवताचं पातंही वाकलेलं नव्हतं.

“ओढ्यावर पण नाही गेलात साहेब? लोक येतात ते त्याच्यासाठीच.”

“नाही!” तपासनीस छाती काढून म्हणाले.

“बरं,” म्हणून रखवालदाराने पाटी दिली. पाटीवर ओढ्यात पाय सोडून खळखळून हसणारी एक मुलगी कोरलेली होती.

“ही कोण?” चिमीने विचारलं.

“निसर्गस्नेही मुलगी,” तपासनीस म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

पाटी आता त्यांच्या बैठकीत आहे, साडूंनी त्यांच्याकडे लावली आहे त्यापेक्षा बोटभर उंच. येणारा-जाणारा ती न्याहाळतो, वा वा करतो आणि असली पाटी मिळवायला काय करावं लागतं ते विचारून घेतो. तपासनीस सगळं सविस्तर सांगतात. पाणी गार होतं का, असं मात्र चिमीला अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हालाही, खरं सांगा, आधी आठवली ती तुमच्या बैठकीतली मोकळी भिंतच ना?