शववाहिकेसाठी कुणी थांबू नये

"समोरून शववाहिका आली की गाडी कडेला घे. टोपी काढ. मेलेला ओळखीचा असो-नसो, तिच्यामागचं शेवटचं वाहन पुढे जाईस्तोवर हलायचं नाही."

वडिलांनी गाडी शिकवताना नेटीला आणि तिच्या भावाला, डेलमरला, हे आधी शिकवलं आणि गिअर मागाहून. टेनेसीच्या डोंगरातल्या सिल्व्हन फोर्कमध्ये सगळेच बाप असंच शिकवतात. त्याच शिकवणीपायी आज नेटीच्या जिवाला सकाळपासून घोर लागला होता.

डेलमर गिटार घेऊन गावाकडची गाणी गात मोठा झाला, साऱ्या देशाचा लाडका झाला आणि वारला. आता त्याच्यावर सिनेमा निघत होता. शेवटचा प्रसंग गावातच घ्यायचा होता. शववाहिका मुख्य रस्त्यावरून जाते आणि समोरून आपापल्या गाड्यांतून येणारं गाव ढुंकूनही बघत नाही. "एकटा आला, एकटा गेला," दिग्दर्शक केसलरसाहेबांनी डोळे मिटून नेटीला समजावलं होतं. असं झालं नव्हतं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण कुणी बोलत असताना मध्ये बोलायची तिला सवय नव्हती. शिवाय भावाच्या सिनेमात आपलं गाव दिसावं, एवढीच तिची आस होती.

शववाहिका निघाली. समोरच्या रांगेत पहिला हॉबर्ट, डेलमरचा बालमित्र, गवताचे भारे लादलेल्या ट्रकमध्ये. त्याने ट्रक कडेला घेतला, टोपी काढली. मागची अख्खी रांग कडेला लागली.

"कट! अहो, पेटी रिकामी आहे!" केसलर ओरडले.

"ते तुम्हाला ठाऊक," हॉबर्ट म्हणाला. "माझ्या पायाला काय ठाऊक?"

दुसऱ्या खेपेला पुढे दूधवाल्याची गाडी ठेवली. तोही थांबला. तिसऱ्या खेपेला 'चला, चला' करायला शेरीफ उभा केला, तर त्याने स्वतःच हॅट काढून छातीशी धरली. चौथ्या खेपेला चर्चमधली मॉडीन तळलेल्या कोंबडीचं भलंमोठं भांडं घेऊन धापा टाकत आली. मागे आणखी बायका, मक्याचा ब्रेड, बटाट्याचे ट्रे; कुणी गेलं की त्या घरी जेवण पोचवायची गावची रीतच होती.

"कोण गं गेलं, नेटी?"

"कुणी नाही गं. सिनेमा आहे."

"चार वेळा गेली गाडी! एकाच घरातले का सगळे?"

खमंग वास सुटला तशी दिवेवाली, कॅमेरेवाली मंडळी जेवायला पळाली. ऊन डोंगराआड सरकू लागलं. नेटीचा एक पाय रस्त्यावर, एक फुटपाथवर.

"बाई, आता शेवटची खेप," केसलर म्हणाले. "नाही जमलं तर दुसरं गाव बघून ठेवलंय."

नेटी धावतच रस्त्याच्या पार टोकाला, पुन्हा रांगेच्या पुढे लावलेल्या हॉबर्टकडे गेली.

"सगळे तुझ्याकडे बघून थांबतात. तू नको थांबूस."

"डेलमरसाठी नको थांबू? नदीत पोहायला मी शिकवलं त्याला!"

"म्हणूनच सांगते. आपलं गाव राहू दे रे सिनेमात. शपथ घे."

"शपथ बायबलात मना आहे." हॉबर्टने स्टिअरिंगवर हात ठेवला. "शब्द देतो. मागच्यांनाही बजावतो. आभाळ कोसळलं तरी पाय ब्रेकवर जाणार नाही."

शब्द मिळाला, पण नेटीला चैन पडेना. ती परतली तेव्हा केसलर मॉडीनची कोंबडी खाऊन बरेच निवळले होते.

"पण त्या दिवशी खरोखर थांबलं होतं का कुणी?" त्यांनी सहज विचारलं.

"सगळे. इथून थेट दफनभूमीपर्यंत, दोन्ही बाजूंना. भरपावसात टोप्या काढून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला समजावून सांगत होतात ना."

केसलरांनी हातातलं हाडूक खाली ठेवलं. चार वेळा पाहिलेली ती कडेला लागलेली रांग त्यांना बहुधा आत्ता दिसली.

"बदला!" ते ओरडत सुटले. "गाव थांबतंय! हाच शेवट! पळा, ऊन चाललंय!"

नेटीने हात जोडले. डोळे भरून आले. देवाने लाज राखली होती, डेलमरची आणि गावाचीही. कॅमेरे फिरू लागले, शववाहिका कोपऱ्यावरून वळली आणि तेवढ्यात नेटीच्या ध्यानात आलं. हॉबर्टला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने घाईघाईने दोन्ही हात उंच करून हलवले.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला हॉबर्टने ते पाहिलं. आठवण करून देतेय बिचारी, असं वाटून त्याने मान डोलावली, टोपी कपाळावर घट्ट ओढली, दात आवळले आणि हळूच गिअर टाकला.