गुडघेमुक्तीची चाचणी

एका जंगलात, बाळांनो, हत्ती राजा होता आणि त्याचे गुडघे दुखत होते. राजाचे गुडघे दुखले की संशोधन सुरू होतं. आपले दुखले की आपण तेल चोळतो.

त्या जंगलात भल्लूकशास्त्री नावाचं एक अस्वल होतं. फार विद्वान. त्याने एका वेलीच्या मुळीपासून काळाकुट्ट काढा केला आणि त्याचं नाव ठेवलं गुडघेमुक्ती. पण नवं औषध एकदम राजाला कसं द्यायचं? म्हणून आधी वीस उंदरांना द्यायचं ठरलं. उंदरांनाच का, असं तुम्ही विचाराल. शास्त्रीबुवांनी त्याचं कारण सांगितलं होतं. उंदराला चार पाय, हत्तीलाही चार पाय.

उंदरांचे गुडघे दुखत नव्हते, ही एक अडचण होती. त्यांना आठ दिवस दगडधोंड्यांतून पळवलं. मग दुखायला लागले.

शास्त्रीबुवांचा कारकून होता एक बगळा. त्याने उंदरांपुढे एक पान धरलं. पानभर बारीक अक्षर. "सगळं वाचून दाखवलं आहे," एवढी शेवटची ओळ त्याने वाचून दाखवली आणि सगळ्यांच्या पंजाचे ठसे घेतले.

नियम सोपा होता. औषध घेणाऱ्याने दर आठवड्याला टेकडीवरच्या खडकापाशी स्वतः यायचं. जो आला, त्याचं दुखणं शिल्लक आहे. जो आला नाही, तो बरा झाला. बरा झालेला कशाला उगीच टेकडी चढेल?

त्या विसांत टोकरू नावाचा एक उंदीर होता. तिसऱ्या दिवशी त्याचे मागचे पाय लुळे पडले. पाचव्या दिवशी पुढचे. त्याची बायको वाळकी धावत टेकडीवर गेली.

"शास्त्रीबुवा, आमच्या ह्यांचे पाय गेले हो! काहीतरी उतारा द्या."

"औषध तुम्ही घेतलंत का बाई?" बगळ्याने विचारलं.

"मी नाही, ह्यांनी."

"मग तुमचं म्हणणं ऐकीव झालं. पेशंटला आणा."

"अहो, त्यांना चालताच येत नाही!"

"म्हणजे ते येणार नाहीत," बगळा म्हणाला, आणि टोकरूच्या नावापुढे त्याने सुबक अक्षरात लिहिलं, बरा. "काढा मात्र चालू ठेवा."

शास्त्रीबुवा तिथेच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. ते आकडे बघत होते आणि आकडे फार छान येत होते.

परतताना वाळकीने बाकीच्यांच्या बिळांत डोकावून पाहिलं. एकोणीस बिळं, सगळी रिकामी. शेवटच्या बिळापलीकडे धामण ऊन खात पडली होती, पोट चांगलंच फुगलेलं.

"गुणकारी औषध आहे बाई," ती लांबूनच म्हणाली. "या आठवड्यात एकही उंदीर पळाला नाही."

तरी त्या वेडीचा शास्त्रावर विश्वास होता. तिने काढा चालू ठेवला. एकदा डोळ्यांनी पाहिलं की शास्त्रीबुवांना कळेल, असं तिला वाटलं. तिने टोकरूला वडाच्या पानावर घातलं, देठ दातांत धरला आणि ओढत ओढत टेकडी चढली. दीड दिवस लागला. मला हे सांगताना तिचा राग येतो आणि रडूही येतं.

शास्त्रीबुवांनी टोकरूला उलटा केला, सुलटा केला.

"हा आला?"

"आला," बगळ्याने 'बरा' खोडलं. "विसांतला हा एकटाच."

"म्हणजे एकोणीस बरे, आणि याला अजून गुण नाही." शास्त्रीबुवांना मनापासून वाईट वाटलं. "डोस दुप्पट करा."

वाळकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हात जोडून काढ्याचा द्रोण घेतला. टेकडीखाली ओढा होता, तिथे तो पालथा केला. त्या ओढ्यातले बेडूक तेव्हापासून उड्या मारत नाहीत, पण बेडकांवरची चाचणी अजून व्हायची आहे.

पंधरा दिवसांनी टोकरूने एक पाय हलवला. महिन्याने तो बिळाबाहेर आला.

"जाऊन सांगू का, औषध सोडलं म्हणून बरा झालो?"

"गेलात तर आजारी ठराल," वाळकी म्हणाली. "घरात बसा."

तो गेला नाही. बगळ्याने पुन्हा 'बरा' लिहिलं. विसांपैकी वीस!

नगारे वाजले. हत्ती महाराज मोठ्या विश्वासाने हौदभर गुडघेमुक्ती प्यायले. पुढच्या आठवड्यात ते दरबारात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. प्रजा घाबरली. बगळ्याने वही उघडून सर्वांना धीर दिला.

"महाराज आले नाहीत, म्हणजे महाराज बरे झाले."

मग शास्त्रीबुवांचा सत्कार झाला. शाल घ्यायला उठताना त्यांच्या गुडघ्यातून कळ आली. कुणीतरी लगबगीने काढ्याचा द्रोण पुढे केला.

"नको, नको," शास्त्रीबुवा घाईने म्हणाले. "मी तेल चोळतो."

तात्पर्य: वैद्यांनी पुन्हा दाखवायला बोलावलं तर जाऊ नये, बाळांनो. जे जात नाहीत ते सगळे बरे होतात, हे आता सिद्ध झालं आहे.