मासा किती इंचांचा?

शनिवारी दुपारी आर्विडने गोठलेल्या तळ्यातून एक पाइक मासा काढला, मोजला आणि बर्फातल्या भोकातून परत सोडून दिला. पाहायला कोणी नव्हतं. मग तिथूनच त्याने मुलीला, सिग्नीला, फोन लावला. क्लबच्या मासेमारी स्पर्धेचा वेबसाइटवरचा फॉर्म तिनेच बनवला होता.

“तुझा फॉर्म मला हाकलतोय. ‘फक्त आकडे टाका’ म्हणतो. मी काय कविता टाकली?”

“काय टाकलंस?”

“एकेचाळीस, मग एक, तिरकी रेघ, चार.”

“बाबा, तिरकी रेघ म्हणजे आकडा नाही. एकेचाळीस पॉइंट दोन पाच टाक.”

“पॉइंट लावून मासे मोजणारा मिनेसोटात अजून जन्मायचाय!”

सिग्नी वैतागली. आकड्यांखेरीज जे येईल ते गुपचूप गाळायचं, एवढा बदल तिने स्क्रिप्टमध्ये केला. आता फॉर्म कोणालाच अडवेना. संध्याकाळी क्लबच्या पडद्यावर आर्विड पहिला झळकला: ४११४ इंच. कुणाचा तरी पावणेदहा इंची पर्च मासा ९३४ इंचांचा झाला. बिचाऱ्या लॉइडचा मासा बरोब्बर अडतीस इंचांचा होता, म्हणून तो सर्वांत खाली गेला.

क्लबची सेक्रेटरी मार्लिस हिने फोन केला. “सिग्नी, तुझ्या बापाचा मासा साडेतीनशे फुटांच्या घरात जातोय. आपलं तळं तरी तेवढं आहे का गं?”

मागून आर्विड ओरडला, “तिला सांग, शेपूट अजून मोजलंच नाहीये!”

सगळा क्लब हसला. सिग्नीला मात्र आपलं काय चुकलं तेच कळेना. “उद्या बघते,” म्हणून तिने फोन ठेवला.

रविवारी पहाटे आर्विड झोपेतच गेला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेत होते. मार्लिस घुटमळत सिग्नीजवळ आली. “आज विचारू नये, पण बक्षीस अडलंय. आकडा काय धरायचा? लॉइड म्हणतो, मासा कोणी पाहिलाच नाही.”

“तसं नाही म्हटलं,” लॉइड ओशाळून म्हणाला. “म्हटलं, आर्विडचे मासे घरी येईपर्यंत वाढायचे.”

सिग्नीही आयुष्यभर बापाला हेच ऐकवत आली होती. तिने कप खाली ठेवला.

“सव्वाएकेचाळीस,” ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. सगळे वळून पाहू लागले. “बाबाने मोजला होता. माझा त्याच्यावर विश्वास आहे.”