गाडीच्या पाण्याला आलेला फेस

रविवारी सकाळी सासरेबुवांनी गाडीचं बोनेट उघडलं, पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि आत डोकावून ते दोन पावलं मागे सरकले. टाकीत एरवी स्वच्छ हिरवं कूलंट असायचं. आज तिथं कॉफीवर यावा तसा मळकट फेस तरंगत होता.

"घात झाला! इंजिनचं तेल पाण्यात उतरलं. दोन्ही वेगळं ठेवणारं गॅस्केट गेलं!"

आवाज ऐकून सासूबाई, लेक आणि जावई तिघंही खाली पार्किंगमध्ये धावले. काल गाडी जावयाने नेली होती. चौदा वर्षांत सासरेबुवांनी किल्ली दुसऱ्याच्या हातात पहिल्यांदाच दिली होती, तीही लेकीने आठवडाभर धोशा लावला म्हणून.

"जावईबापू, गाडी तापवलीत ना?"

"नाही हो बाबा. काटा अगदी मधे होता."

"चढावर रेटली असेल."

"चढ लागलाच नाही, बाबा."

"बघा! चढ नसताना ही दशा!"

जावई गरीब माणूस. त्याने मान खाली घातली. लेक मात्र वडिलांवरच गेली होती. "बाबा, पुरे झालं. त्या डब्यासाठी माझ्या नवऱ्याला चोर ठरवता? मी बॅग भरते. पुन्हा या घरात आमचं पाऊल पडणार नाही, सांगून ठेवते." आणि ती तरातरा जिना चढून गेली.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आधी मिस्तरीला तर बोलवा. मग काय ते भांडा."

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्तरी पेटी घेऊन आला. त्याने इंजिन चालू केलं. टाकीत बुडबुडे येऊ लागले. सासरेबुवांनी जावयाकडे असं पाहिलं, जणू बुडबुडे तोच काढतोय. मग मिस्तरीने इंजिन बंद करून तेलाची पट्टी ओढली.

"नवल आहे, काका. तेल एकदम साफ. पाणी तेलात गेलेलं नाही." त्याने टाकीत दोन बोटं बुडवून अंगठ्यावर चोळली. "पण पाणी बुळबुळीत लागतंय. म्हणजे तेल पाण्यात आलंय. इंजिनचं हेड उतरवायला लागणार. पंधरा दिवस गाडी विसरा."

तो पेटीकडे वळला आणि त्याच्या हाताकडे सासरेबुवांचं लक्ष गेलं. मिस्तरीचे हात मनगटापर्यंत काळे होते, वर्षानुवर्षांचे काळे. फक्त ती दोन बोटं आणि अंगठा तान्ह्या बाळासारखे गुलाबी दिसत होते.

सासरेबुवांना गुरुवारची संध्याकाळ आठवली. गाडी परक्या हातात जायची, म्हणून त्यांनी टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. वॉशिंग मशीनशेजारच्या फळीवरच्या दोन हिरव्या बाटल्यांतली एक उचलली होती. चष्मा टीव्हीवर राहिला होता. ओतताना कूलंट जरा दाट वाटलं, तर 'महागातलं दिसतंय' म्हणत त्यांनी बाटली आणखी दाबली होती.

मिस्तरीने पान्हा बोल्टवर चढवला.

"अहो थांबा! एवढी काय घाई? नुसतं पाणी बदलून बघू."

"पाणी बदलून गॅस्केट जुळतं का, काका? तुम्हीच म्हणालात ना गेलं म्हणून?"

"म्हणालो. पण माणूस रागात काहीही म्हणतो."

"मघाशी तर छातीठोक सांगत होतात," सासूबाई म्हणाल्या.

जिन्यावर बॅगेची चाकं खडखडली. लेक एकेक पायरी उतरत होती. जावयाने वर पाहिलं, सासऱ्यांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो पुढे झाला.

"बाबा, चूक माझीच. टाकीत मी ओतलं."

"काय ओतलं?" मिस्तरीने विचारलं.

जावई गडबडला. "ते... पाणीच."

"पाण्याने फेस येतो होय?"

"मग... दूध असेल."

"दूध?"

इतकं वाईट खोटं सासरेबुवांना ऐकवेना. "दूध काय दूध! कपड्यांचा साबण आहे तो! पातळ साबण!"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. सासूबाईंचे डोळे बारीक झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"अगं... मिस्तरीची बोटं बघ ना! कशी लख्ख निघाली आहेत."

मिस्तरीने स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली आणि पान्हा खाली ठेवला. "मानलं, काका! जन्म गेला माझा या धंद्यात, पण माझ्याच हातावरचं मला दिसलं नाही. फुकट इंजिन उघडलं असतं. आता टाकी चार-पाच वेळा धुतली की गाडी ठणठणीत."

सासरेबुवा सुटले होते. उलट वर कौतुक पदरात पडलं होतं. तेवढ्यात लेक खाली पोचली आणि नवऱ्यावर बरसली. "साबण? अरे, अक्कल गहाण टाकली होतीस का? आणि मी वेडी तुझ्यासाठी बाबांशी भांडतेय!"

जावयाने बायकोच्या हातातली बॅग आपल्या हातात घेतली, एवढंच.

"किती ओतलात हो जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"अर्धी बाटली असेल, आई. चुकून."

सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एक अक्षर बोलले नसते तर कुणाला काही कळलं नसतं.

"अर्धी नाही," ते पुटपुटले. "पाऊण. मीच ओतली, गुरुवारी. चष्म्याशिवाय. यांचा काही दोष नाही."

सासूबाईंनी पदर खोचला, मोठा श्वास घेतला, चौदा वर्षांचं सगळं एकदम काढण्यासाठी तोंड उघडलं आणि त्या मधेच थांबल्या.

"म्हणजे फळीवर साबणाची एकच बाटली होती?"

"हो. दुसरी माझ्या कूलंटची."

"ती भरलेली?"

"भरलेली होती खरी. आज सकाळी निम्मी दिसली."

सासूबाईंनी उघडलेलं तोंड हळूच मिटलं. काल त्यांनी मोठ्या हौसेने जावयाचा पांढरा शर्ट धुतला होता. सगळ्यांनी जावयाकडे वळून पाहिलं. ऊन चांगलं वर आलं होतं आणि त्याच्या अंगावरचा तो शर्ट फिकट पोपटी दिसत होता.

"मला वाटलं," जावई अदबीने म्हणाला, "या घरात असाच धुतात."