समेट समितीच्या तीन भेटी

निजोमनं मार्गिलान शहरातल्या चहाखान्यात छाती पुढे काढून जाहीर केलं, की लोकांचे घटस्फोट वर्षानुवर्षं रखडतात ते निव्वळ नियोजनाच्या अभावी. त्याचा एका भेटीत उरकणार होता.

तसं बिघडण्यासारखं काही नव्हतंच म्हणा. सोळा वर्षांच्या संसारात त्याचं आणि उल्फतचं कशावर म्हणून पटलं नव्हतं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरूनसुद्धा तीन तीन दिवस अबोला. यंदा त्यानं तिला न विचारता अंगणातली द्राक्षाची वेल छाटली, आणि मग मात्र दोघांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं: वेगळं व्हायचं. पण मुलगी मफ्तुना चौदाची, म्हणजे प्रकरण कोर्टात जाणार. आणि कोर्ट म्हणणार, आधी मोहल्ल्याच्या समेट समितीचा कागद आणा. समितीनं घरी येऊन नवराबायकोला बघायचं आणि 'यांचं जुळणं शक्य नाही' असं लिहून द्यायचं.

समिती म्हणजे दोन माणसं. एक सोलिहाखाला, जगातला प्रत्येक घटस्फोट हा तिला स्वतःचा अपमान वाटायचा. दुसरे ऐंशीच्या घरातले तुर्गुनबाबा. त्यांचं लक्ष समेटापेक्षा ताटाकडे जास्त.

"पाहुणे येणार म्हणजे पुलाव आला," उल्फत म्हणाली. "घटस्फोट घ्यायचाय म्हणून काय लोकांना नुसत्या चहावर बसवायचं?"

हेही बरोबरच होतं. निजोमनं अंगणात कढई चढवली. समिती चौथऱ्यावर तक्क्यांना टेकून बसली.

"बोल बाबा, काय त्रास आहे तुला?" खालानं विचारलं.

"हिचं आणि माझं मुळीच पटत नाही," असं म्हणत निजोमनं न बघता हात मागे केला. उल्फतनं त्यावर जिरं ठेवलं. मग झारा. मग झाकण.

तुर्गुनबाबा टक लावून बघत होते. "सोलिहा, पाहिलंस? मागितलंसुद्धा नाही त्यानं. माझी बायको अजून मी चष्मा मागितला की कवळी आणून देते."

कागदावर लिहिलं गेलं: 'आशा आहे. पुन्हा येऊ.'

"तुमचंच चुकलं," पाहुणे गेल्यावर उल्फत म्हणाली. "हात कशाला मागे केलात?"

"तू कशाला दिलंस?"

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. खरं भांडण समितीसमोर जमत नव्हतं, तेव्हा खोटं बसवायला हवं होतं. रोज संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात तालमी करू लागली. त्यानं तिच्या भावाला नावं ठेवायची, तिनं पेला आपटून फोडायचा. "छे, मुळीच राग आला नाही मला," ती म्हणायची, "जरा मनापासून बोला ना." तो मनापासून बोलायला जायचा आणि तिला हसू फुटायचं. मग त्यालाही. मफ्तुना आतून ओरडायची, "माझी परीक्षा आहे, घटस्फोट जरा हळू घ्या."

दुसऱ्या भेटीत सगळं ठरल्यासारखं झालं. भावाचा उद्धार झाला. उल्फतनं पेला उचलला आणि असा आपटला, की तुकडे थेट तुर्गुनबाबांच्या मोज्यांपर्यंत गेले.

सोलिहाखालानं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "देवच पावला. भांडं फुटलं, म्हणजे घराची पीडा गेली. मी म्हणतच होते, या घराला कुणाची तरी नजर लागलीय." बाबांनीही मान डोलावली आणि आणखी पुलाव वाढून घेतला.

कागदावर आलं: 'पीडा टळली. शेवटची भेट, नंतर निर्णय.'

बसवलेलं भांडणही उलटल्यावर आता तालमीचं काही कारण उरलं नाही, आणि घर एकदम ओकंबोकं झालं. निजोम संध्याकाळी उगाच स्वयंपाकघराच्या दारात घुटमळायचा. खरं सांगायचं तर त्याला आता ती जायला नको होती. सोळा वर्षांत ही बाई इतकी हसू शकते हे त्याला माहीतच नव्हतं. पण हे तोंडानं कसं म्हणायचं? समितीसमोरच सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं. तिसऱ्या भेटीला उल्फत अतलासचा ठेवणीतला रेशमी झगा घालून आली तेव्हा त्याला धीर आला.

"खाला," तो म्हणाला, "आम्ही वेगळं होत नाही. मी तिला माफ केलं."

उल्फतच्या हातातली किटली थांबली. "तुम्ही मला? मी तर परवाच मनातल्या मनात तुम्हाला माफ केलं होतं."

"परवा? मी त्याच्या आधीच केलं."

"मग सांगितलं का नाही? वेल मी लावली, छाटली तुम्ही, आणि माफी मला?"

"सुकली होती ती."

"झोपली होती. दर हिवाळ्यात झोपते."

मग सोळा वर्षांचं सगळं बाहेर आलं. खिडकी, भाऊ, सासूबाईंचं औषध, मफ्तुनाच्या बारशाला कोण उशिरा आलं. यातलं काहीही बसवलेलं नव्हतं. उल्फत रडायला लागली, निजोमचा आवाज चिरकला. पुलाव करपला, तरी कुणी उठलं नाही. तुर्गुनबाबांनी पुलावासाठी धरलेला चमचा आयुष्यात पहिल्यांदा खाली ठेवला. सोलिहाखालानं डोळे टिपले आणि लिहिलं: 'जुळणं शक्य नाही.'

कोर्टात न्यायाधीशबाईंनी कागद वाचला. "दोघांपैकी कुणाला काही सांगायचंय?"

निजोमनं उल्फतकडे बघितलं. आत्ता ती 'नको' म्हणेल, तिनं आधी म्हटलं की आपणही म्हणू. उल्फत त्याच्याकडेच बघत होती. बाईंनी पुन्हा विचारलं. मग शिक्का पडला.

दोघं कोर्टाच्या पायऱ्यांवर आली.

"का नाही बोललात?" ती म्हणाली.

"तुझी वाट बघत होतो. तू?"

"तुमची."

"मग आता काय करायचं गं?"

उल्फतनं डोळे पुसले आणि डोक्यावरचा रुमाल नीट केला. "आता काय. मी माझ्या आईकडे चालले. मागणी घालायला मुलाकडच्यांनीच यायचं असतं, आणि पहिल्या खेपेला आमच्याकडे कुणी हो म्हणत नाही."

ती मिनीबसमध्ये चढली. निजोमलाही त्याच मिनीबसनं जायचं होतं. पण मागणी घालायच्या आधी मुलीशेजारी बसणं काही बरं दिसत नाही, म्हणून तो चालत निघाला.