फ्रीझरमधला ससा

गजभिये काकांच्या फ्रीझरमध्ये मटारांच्या शेजारी एक कापडी ससा झोपायचा. सकाळी काका त्याला बाहेर काढून ॲरिझोनातल्या चँडलरच्या रणरणत्या उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी परत आत. आमच्या कंपनीत त्यांचं कामच ते. कॉम्प्युटरची चिप गारठवायची, तापवायची आणि ती कधी दम तोडते ते बघायचं. घरीही तोच खाक्या. नवी कढई आणली तरी म्हणणार, "आधी फेल करून बघू." त्यांच्याकडे जेवायला जाताना मी म्हणूनच जरा बिचकतो.

हा ससा मात्र साधासुधा नव्हता. हिवाळी खेळांच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेला शुभंकर हवा होता आणि जन्मात कधी स्की पायाला न लावलेल्या काकांचा हा वाळवंटी ससा थेट शेवटच्या फेरीत पोचला होता. सिॲटलला राहणाऱ्या मुलीला, मृण्मयीला, त्यांनी तो अजून दाखवलाही नव्हता. का, ते सांगत नव्हते.

परीक्षकांच्या व्हिडिओ कॉलला त्यांनी मला शेजारी बसवलं. "तू फक्त बस. बोलू नको."

परीक्षक बाई खूश होत्या. फक्त डावा कान एवढासा कसा? शिवताना चुकला असणार. दोन्ही कान सारखे करा, आम्ही हाच ससा घेतो, असं त्या म्हणाल्या. मी सुटकेचा निःश्वास सोडला. काकांनी सशाचा डावा कान चिमटीत धरला.

"काका, हो म्हणा ना यार," मी पुटपुटलो.

"चूक नाही," काका इंग्रजीत म्हणाले. "माझ्या मुलीचा कान जन्मापासून असा आहे. फोटो काढताना दर वेळी मीच तिची मान वळवायचो. हा ससा समोर बघणार."

तासाभरात ईमेल आली. एका पेंग्विनची निवड झाली होती. मला त्या पेंग्विनचा भयंकर राग आला.

काकांना त्याचं काहीच नव्हतं. "मृण्मयी दुखावली तर?" एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी मीच फोन लावून दिला. काकांनी ससा कॅमेऱ्यासमोर धरला.

मृण्मयी कॅमेऱ्याजवळ सरकून सशाचा कान बघत राहिली. तिथून उठून जावं असं मला वाटायला लागलं.

"बाबा, दॅट्स मी," ती म्हणाली.

"हो गं. चुकलं का माझं?"

तिने डाव्या बाजूचे केस मागे सारले आणि सरळ आमच्याकडे बघितलं. "टेक द पिक्चर, बाबा."

काकांना डोळ्यांतल्या पाण्याने बटण दिसेना. फोटो मी काढला.