पोपलिनचा वारा

दर रविवारी उजाडायच्या सुमाराला गौलीगुड्यातल्या आमच्या गल्लीत एक माणूस समुद्राचा निकाल देतो. "आज पोपलिनचा वारा आहे. होडी काढायची नाही." आमच्या इथं समुद्र नाही. मूसी आहे, पण तिच्यात होडी काढायची हौस कुणालाच नाही. जवळचा समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. माणिकरावांना त्याचं काही नाही. ते गॅलरीत उभे राहून निकाल देतात, आणि खालून जाणारा दूधवाला मान वर करून "हौ साब" म्हणतो.

माणिकराव माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. जन्मभर सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात गज धरून उभे होते. आता दुकान सुटलं, सवय सुटली नाही. बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरतात, चोळतात आणि "मिलावट आहे" म्हणून सोडून देतात. माझ्या प्रत्येक सदऱ्यात मिलावट निघाली आहे. मी काही सदरे बदलले नाहीत.

मासा ते खात नाहीत. लहानपणी एकदा घशात काटा अडकला होता, तेव्हापासून नावही घेत नाहीत. आणि अशा माणसाच्या पोटी मासेमारीचा वेडा पोरगा जन्मला. अविनाश, अवी. तो विशाखापट्टणमला नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी एकट्यानं बसायच्या प्लास्टिकच्या होडीतून समुद्रात जातो आणि गळ टाकून वंजारम, म्हणजे आपली सुरमई, पकडतो. त्या होडीला कयाक म्हणतात. अवीनं पहिल्यांदा तिचा फोटो पाठवला तेव्हा माणिकराव फोन घेऊन माझ्याकडे खाली आले. त्यांचे हात वयानं नेहमीच कापतात.

"शंकरराव, हे बघा. पाटावर बसून समुद्रात जायलाय पोरगं."

मी फोटो बघितला. खरंच पाट होता, जरा लांबडा. मी उगाच धीर द्यायचा म्हणून म्हणालो, "रंग चांगला आहे."

अवी म्हणाला, अण्णा, वारा किती, लाट किती, सगळं फोनमध्ये येतं. माणिकराव म्हणाले, तुझे आकडे मला कळत नाहीत, कापड लाव. आणि त्यांनी जुन्या दुकानातून तीन पट्ट्या फाडून आणल्या. एक मलमल, एक पोपलीन, एक मांजरपाट. कडा स्वतः दुमडून शिवल्या आणि पार्सल केलं. अवीची इमारत समुद्रासमोर आहे. तिच्या गच्चीवर बांबू रोवून त्यानं त्या पट्ट्या बांधल्या. बापाचा आग्रह म्हणून बांधल्या असणार, पण बांधल्या.

तेव्हापासून दर रविवारी पहाटे गच्चीवरून अवीचा चित्रवाला फोन येतो. चित्र हलू नये म्हणून फोन धरायला मी लागतो. माणिकरावांचा हिशेब असा, की मलमल नाचली तर नाचू दे, तिला कुणी फुंकर मारली तरी ती नाचते. पोपलिननं पदर उचलला तर थांबायचं. आणि मांजरपाट हलला तर त्या दिवशी समुद्राकडे तोंड करून बसायचंसुद्धा नाही. मग पाणी. गच्चीवरून एक काळा खडक दिसतो. "खडकाचं डोकं दिसतंय की कंबर?" डोकं म्हणजे भरती, कंबर म्हणजे ओहोटी. पाणी बाहेर चाललंय आणि वारा समोरून येतोय, असं असलं की लाटा उभ्या राहतात, हे त्यांना अवीनंच कधीतरी सांगितलेलं. पण आता ते असं सांगतात, जशी ही गोष्ट त्यांच्या दुकानातच ठरली होती.

शेवटी दिशा. कापडाचं टोक घराकडे येतंय की समुद्राकडे? घराकडे येणारा वारा त्रास देतो, पण परत आणतो. समुद्राकडे जाणारा वाईट. त्या वाऱ्यात किनाऱ्याजवळ पाणी ताटासारखं सपाट दिसतं, माणूस खुशीत आत जातो, आणि वळून बघतो तर किनारा लांब. "गोड बोलून नेणारा वारा आहे तो," माणिकराव म्हणायचे. "कापड खोटं बोलत नाही, पाणी बोलतं."

हे वेड हळूहळू सगळीकडे पसरलं. कुकटपल्लीला एका लग्नात मंडपाची झालर फडफडली तशी हे जेवता जेवता थांबले आणि नवऱ्याच्या काकाला म्हणाले, "आज कुणी बाहेर पडू नये." तो बिचारा वऱ्हाडाची बस थांबवायला धावला. एकदा मी त्यांना हुसेनसागरला नेलं. लेकरं-बायका आईस्क्रीम खात बोटीत चढत होती. ह्यांनी खिशातला रुमाल काढला, हात वर करून धरला, आणि म्हणाले, "नक्को." आम्ही तसेच परतलो. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "चाचा, ये तालाब है." माणिकरावांनी त्याच्या सदऱ्याची बाही चोळून बघितली.

अवी किती वेळा म्हणाला, अण्णा, इकडे या, महिनाभर राहा. ह्यांचं उत्तर ठरलेलं. "मी तिकडे आलो तर इथून वारा कोण बघणार?" मी बोललो, की तुम्ही हौले आहात, अर्धवट. त्यांनी चहा पुढे केला.

सुरुवातीला वर्षभर निकाल सरळ होते. जा म्हणजे जा, नको म्हणजे नको. मग दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं, की नुसतं नकोच चाललंय. मी शाळा चौथीत सोडली, पण डोळे सोडले नाहीत. मलमल ओल्या फडक्यासारखी लोंबत होती आणि हे म्हणत होते, "नको."

"अण्णा, पान हलत नाहीये!" अवी म्हणायचा.

"हलंल. ऊन चढलं की हलंल."

मग अवी चिडायचा, गच्चीवरच्या टाकीच्या कट्ट्यावर बसायचा, आणि बाहेर जायचं नसल्यामुळे बोलायचा. गुडघा कसा आहे, भाजी कुठून आणली, तुमची सूनबाई अजून उठली नाही, ऑफिसात कोण नालायक आहे. माणिकराव ऐकायचे. चहावर साय धरायची. माझा हात अवघडायचा. पण मी फोन खाली ठेवला नाही, ठेवणारही नव्हतो.

एका रविवारी अवी म्हणाला, "अण्णा, दोस्त लोक सगळे जातात, मी एकटा इथं कट्ट्यावर. मी आता फोनमध्येच वारा बघीन. पट्ट्या काढून ठेवतो."

"पुढचा एक रविवार राहू दे," माणिकराव म्हणाले. आवाज असा, जसं गिऱ्हाईक पायरी उतरून चाललंय.

फोन बंद झाल्यावर मी सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही. "कापड खोटं बोलत नाही, माणिकराव. मग कोण बोलायलंय?"

"जा म्हटलं की तो जातो हो," ते म्हणाले. "वर्षभर बरोबर सांगितलं. काय ऐकलं? 'ओके अण्णा.' की संपलं. ही होती तेव्हा तो हिच्याशी बोलायचा. मला शेवटी विचारायचा, सगळं ठीक ना? मी म्हणायचो, ठीक. तेवढंच होतं आमचं."

ही म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

पुढचा रविवार आला. मी फोन धरला. गच्ची दिसली, बांबू दिसला. पोपलीन पदर उचलून ताठ उभी होती आणि तिचं टोक समुद्राकडे होतं. खडक कंबरेच्याही खाली उघडा पडला होता. पाणी बाहेर, वारा बाहेर, दोघं एकाच वाटेनं चाललेले. आणि समोरचा समुद्र अगदी सपाट. अवीनं अंगात ते फुगीर जाकीट आधीच चढवलं होतं.

"नको," माणिकराव म्हणाले.

"माहीत होतं." अवी हसला. "समुद्र बघा की, तलावासारखा आहे. खाली दोस्त निघाले. ठेवतो मी."

"अवी, थांब. कापडाचं टोक बघ."

"तुम्ही दर वेळी काहीतरी बघताच, अण्णा."

माणिकरावांनी माझा हात धरला, फोनसकट. "दिवाळीपासून खोटं बोललो," ते म्हणाले. "सगळे रविवार चांगले होते. तू बसावास म्हणून नको म्हणालो. माझं चुकलं. पण आजचं खरं आहे. आज जाऊ नको रे. परत मी काही बोलणार नाही."

बाजारात कुणाला एक बोट कापड जास्त न देणारा माणूस हा. मी त्याला कुणापुढे मान खाली घालताना बघितलं नव्हतं. मी तोंड दुसरीकडे केलं, पण फोन हलू दिला नाही.

पलीकडे नुसती कापडाची फडफड. मग अवीनं जाकिटाचे पट्टे सोडले आणि कट्ट्यावर बसला. त्या दिवशी दोघंही काही बोलले नाहीत. फोन मात्र बराच वेळ चालू होता.

दोस्त संध्याकाळी परत आले, रिकाम्या हातानं. कोळ्यांच्या बोटीला दोर बांधून त्यांना ओढत आणावं लागलं, असं अवीनं नंतर सांगितलं. खरं सांगितलं की बापाचं मन राखायला सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पट्ट्या राहिल्या. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा फोन आला. तिन्ही पट्ट्या सरळ खाली लोंबत होत्या, मलमलसुद्धा. खडकाचं नुसतं डोकं दिसत होतं. माणिकराव बघत राहिले. कितीदा बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतंच.

"अण्णा?"

"जा," ते म्हणाले.

"नक्की?"

"जा. ऊन चढायच्या आत ये."

"ओके अण्णा."

खोलीत पंख्याचा आवाज राहिला. खाली दूधवाला थांबला होता, निकालाची वाट बघत. आज कुणी गॅलरीत गेलं नाही, तसा तो निघून गेला. माणिकरावांनी चहा ओतला. चहा गरम होता, साय धरलेली नव्हती.

"शंकरराव, फोन खाली ठेवा," ते म्हणाले. "बंद झालाय तो. हात दुखंल."

"दुखत नाही," मी म्हणालो, आणि तसाच धरून बसलो.